पोच

सोहारच्या दवाखान्यात, तळमजल्यावर,
सकाळी सातला शब्बीर होडेकर उपाशी येतात.
गाव दाभोळ. काम बंदरात, टगबोटीवर.
बाही वर सारून विचारतात,
"आज पेला की सुई?"

आज सुई.
गेल्या मंगळवारी पेला होता,
नाकाने वास घेऊन एका दमात प्यायले,
औषध पितात तसे.
त्या दिवसाचा आलेख मी भिंतीला चिकटवलाय.
आज तीच चढण, तोच उतार
मला ठिबकेतून काढायचाय, थेट शिरेतून.
रक्ताला फरक कळू नये.
आतड्यांना पत्ताच लागू नये.

"पण बाई, कशाला एवढं?"

मी सांगते. नळ्या बर्फात खोचत सांगते.
ग्लुकागॉनचं काम उपाशी वेळेचं.
रात्री-अपरात्री ते काळजाला उठवतं,
सोड म्हणतं साठवणीतली साखर.
काळीज म्हणजे छातीत धडधडतं ते नव्हे,
खाटकाला विचारा, तो बरोबर जागेवर बोट ठेवील.
मग माणूस जेवतो.
आतडं निरोप धाडतं: पोचलं, आता थांबव.
आमच्या कागदांवर त्याचं नाव जीएलपी.
निरोप मिळाला की ग्लुकागॉननं गप्प बसायचं.
तुमच्यात बसत नाही.
ताटातली साखर येते ती येते,
वर काळीजही आपली कोठी रिती करत राहतं.

होडेकर हसतात.
"म्हणजे खाल्लंय मी एकट्यानं,
नि चढलीय दोघांची."

साठाव्या मिनिटाची नळी.
खिडकीबाहेर ऊन इतकं की
पार्किंगमधल्या गाड्यांचे रंग गेलेत.

नव्वदाव्याला त्यांचा फोन वाजतो.
एका हातात सुई, म्हणून स्पीकरवर.
तहसीन, धाकटी.
"अब्बा, पैशे पोचले.
पन आता नका पाठवू. वरचा मजला झाला,
खिडक्यांना काचा झाल्या, पंखे फिरतायत.
राहनार कोन त्यात? अम्मी नि मी खालीच झोपतो."
"हा," ते म्हणतात. "हा, हा."
मागून बायकोचा आवाज, लांबून, भांड्यांतून:
गच्चीला पत्रा घालायचा राहिलाय म्हनावं.
मी नळीवर वेळ लिहिते.
"बाई, एक्सचेंज दुपारी किती वाजता बंद होतं?"

सव्वीस वर्षं. दर महिन्याची पावती
त्यांच्या शर्टाच्या खिशात, घामाने मऊ झालेली.

आकडे तीन आठवड्यांनी आले.
सुईच्या दिवशी ग्लुकागॉन खाली उतरलेलं,
शहाण्या मुलासारखं.
पेल्याच्या दिवशी वर.
साखर तीच, माणूस तोच, खुर्ची तीच.
"म्हणजे त्याला ऐकू येतं," मी म्हणाले.
"बहिरं नाहीये. आतड्याच्या वाटेनं आलं की मात्र बिघडतं.
तिथून नुसतं 'थांब' येत नाही ना.
त्याच दारातून आणखी एक निघतो, जीआयपी,
तो बहुतेक ग्लुकागॉनच्या कानाला लागतो: अजून थोडं."
बहुतेक, मी पुन्हा म्हणाले. आमच्या डॉक्टरांनाही
अजून सगळं उलगडलेलं नाही.

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले,
भरतीच्या तक्त्याकडे बघावं तसे.
"घरचं म्हणतं थांब, नि घरचंच म्हणतं पाठव.
त्या बिचाऱ्यानं ऐकायचं कुणाचं?"

मला उत्तर आलं नाही.
मी त्यांना नवी गोळी समजावली,
रात्रीचा भात अर्धा करायला सांगितला,
तो ते करणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं.

कापसाचा बोळा चिमटीत धरून ते बाहेर पडले.
काचेच्या दारातून मी पाहिलं.
बंदर उजवीकडे.
ते क्षणभर उन्हात थांबले, खिसा चाचपला,
आणि डावीकडे वळले.